निळ्या पुस्तकातली बायको

बसस्थानकावर ज्या बाईच्या आवाजात गाड्या सुटत, त्या बाईला घरीदारी सगळे पिपाणी म्हणत. हे नाव तिच्या थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, ती रांगत होती तेव्हा ठेवलं. ते इतकं घट्ट बसलं की कामावरच्या हजेरीत खरं नाव पुकारलं गेलं की पिपाणी स्वतःच मान वळवून बघायची, ही कोण बुवा नवीन लागली?

पिपाणीकडे आवाज दोन होते. एक काचेच्या केबिनमधला, मधात बुडवून काढलेला: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. फलाट क्रमांक चारवरची गाडी थोड्याच वेळात सुटत आहे." दुसरा, माइकचं बटण बंद झाल्यावरचा: "अहो, सुटत आहे म्हणून सांगितलं मी लोकांना! ड्रायव्हर कुठाय? चहा प्यायला गेलाय की चहाची लागवड करायला?" या दोन आवाजांच्या मध्ये एक बटण तेवढं होतं, आणि ते कधी अडकलं तर काय होईल या विचारानं साहेबांची झोप उडायची.

पण तिची खरी दौलत होती ती इतरांच्या आवाजांची. कुणी तिच्याशी चार वाक्यं बोललं की ते माणूस तिच्या गळ्यात मुक्कामालाच यायचं. साहेबांचं प्रत्येक वाक्य खोकल्यानं सुरू व्हायचं आणि "काय समजलात" वर संपायचं. चौकशीच्या खिडकीवरचा कारकून "नाही" हा शब्द नाकातून सोडायचा. पिपाणी मुद्दाम काही करत नसे. बोलता बोलता ते आपोआप बाहेर पडायचं आणि समोरचा पोट धरून खाली बसायचा.

आणि या घरात खरा बोलका होता तो दादाच. तो लिफ्टदुरुस्तीचं काम करी. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतली माणसं रडकुंडीला येत, आणि बाहेरून दादाचा आवाज येई, "घाबरू नका, मी आलोय. फक्त एक सांगा, आतमध्ये कुणाचं वजन जास्त आहे? नाही, नाव नको, नुसतं त्यांच्याकडे बघा." दार उघडेपर्यंत आतली माणसं हसून हसून एकमेकांची ओळख करून घेत. एका इमारतीत तर अशा अडकण्यातून लग्न जमलं होतं.

असा दादा एके दिवशी दुपारीच घरी आला, मागच्या खोलीत जाऊन आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड करून तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच. काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "मी ठीक आहे." जेवलास का, मी ठीक आहे. बाहेर येतोस का, मी ठीक आहे. पाहुणे आलेत, मी ठीक आहे. डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या, कामावरून मोठी रजा मिळाली. पण माणूस काही भिंतीवरून तोंड वळवेना. घरात आता एकच काळजी होती, दादा पुन्हा बोलेल का.

काळजी सगळ्यांनाच होती, पण वहिनीची काळजी वेगळ्या जातीची. वहिनी शाळेत व्यायामाच्या बाई. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट, आणि आवाज असा की मैदानाच्या या टोकाला "सावधान" म्हटलं तर त्या टोकाची मांजरंही ताठ व्हावीत. वर्गाला जी भाषा तीच नवऱ्याला. "अहो, उठा! पडदे उघडा! पाठ सरळ! आज आपण कोपऱ्यापर्यंत चालणार आहोत, कोण चालणार आहे? आपण!" दादा पांघरूण डोक्यावरून घ्यायचा. "अहो, पांघरूण हा उपाय नाही!" पांघरूण आणखी वर जायचं.

मग डॉक्टरांनी समुपदेशक बाईंकडे पाठवलं. फार शांत बाई. आधी बराच वेळ "हंऽऽ" म्हणायच्या आणि मग विचारायच्या, "आणि त्यावर तुम्हाला काय वाटलं?" त्या "हंऽऽ"मध्ये एक अख्खी बस वळवून घेता आली असती. पिपाणीनं ते पहिल्याच भेटीत गळ्यात भरून घेतलं. निघताना बाईंनी तीन पुस्तकं सुचवली. एक बारीक, एक जाड, आणि एक निळ्या मुखपृष्ठाचं, घरातलं माणूस उदास झालं की घरानं काय करायचं ते सांगणारं. "हंऽऽ," बाई म्हणाल्या, "गोळ्या यांच्या आहेत. पुस्तकं सगळ्यांची आहेत. आपापली वाचा."

घरानं नेमकं तेच केलं नाही. वहिनीनं तिन्ही पुस्तकं पेन्सिल घेऊन वाचली आणि जिथे तिथे दादा सापडला. "अहो, हे बघा, पान चाळीस! तंतोतंत तुम्ही!" पिपाणीनं वाचली तर तिला पानापानावर वहिनी सापडली. तिनं तिथे कागदाचे तुकडे घालून पुस्तक मुद्दाम ओट्यावर उघडं ठेवलं. वहिनीनं ते तुकडे पाहिले आणि म्हणाली, "बरं केलंस खुणा घातल्यास, आता यांना दाखवायला सोपं." हे वाच, तुझंच वर्णन आहे, असं म्हणत प्रत्येकानं पुस्तक दुसऱ्याच्या हातात कोंबलं, आणि घरात स्वतःबद्दल कुणीच एक ओळ वाचली नाही.

दादाची तर गोष्टच वेगळी. त्यानं निळं पुस्तक हातात घेतलं होतं, नाही असं नाही. पण बराच वेळ पान उलटलं जाईना. पिपाणीनं विचारलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "एकच ओळ वाचतोय गं. शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात सांडते." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईनं पुढे, "पण मी ठीक आहे."

पिपाणी सुट्टीच्या दिवशी ज्यांना दिसत नाही अशा वाचकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायला जायची. बोलक्या पुस्तकांच्या त्या ग्रंथालयात एक लहानशी खोली होती. भिंतींना जाड गाद्या, टेबलावर माइक, आणि काचेपलीकडे बटणांपाशी बसलेले काका. काका म्हणजे नियमांचे पुतळे. त्यांचा पहिला आणि शेवटचा नियम, सरळ वाचायचं. नाटक करायचं नाही. "ऐकणाऱ्याला स्वतःचं डोकं असतं," काका म्हणायचे. "राजा कसा बोलतो ते त्याचं तो ठरवील. तू फक्त शब्द पोचव." बसच्या घोषणा करणाऱ्या पिपाणीला शब्द पोचवायची सवय होती, त्यामुळे त्यांचं बरं चाले.

दादाला वाचता येत नाही, तर ऐकता येईल, असं तिच्या मनात आलं. समुपदेशक बाईंनी मान डोलावली, काकांनीही होकार दिला. असं पुस्तक तिथे नव्हतंच, इतरांनाही उपयोगी पडेल. सुट्टीच्या दिवशी पिपाणी निळं पुस्तक घेऊन माइकसमोर बसली.

पहिली काही पानं सरळ गेली. मग एक उदाहरण आलं. एक गृहस्थ, बरेच दिवस उदास. त्यांची बायको त्यांना बाहेर काढू बघते. पुस्तकात सगळं अगदी पुस्तकी होतं: "पत्नी म्हणाली, उठा, आज आपण बाहेर जाऊ." पिपाणीनं वाचायला तोंड उघडलं आणि आतून वहिनी बाहेर पडली. थेट, शिट्टीसकट. "उठा! आज आपण बाहेर जाऊ!" गाद्यांच्या भिंती दचकल्या. नवऱ्याचं उत्तर आलं तेव्हा तिथे दादा येऊन बसला, विहिरीच्या तळातून बोलल्यासारखा: "बघू. नंतर. मी ठीक आहे."

तिनं घाबरून काचेपलीकडे पाहिलं. काका बटण दाबून थांबवतील, ओरडतील. काका टेबलावर डोकं टेकवून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. बऱ्याच वेळानं त्यांचा आवाज आला, डोळे पुसत असल्यासारखा. "हे नियमात बसत नाही. पुढचं पान घे."

दादानं पहिल्यांदा ऐकलं ती संध्याकाळ. मागच्या खोलीत उशाशी फोन, त्यातून निळं पुस्तक. बाहेर वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती, पिपाणी उगाच भाजी निवडत होती आणि कान टवकारून होती. उदाहरण आलं. "उठा! आज आपण बाहेर जाऊ!"

वहिनीचा हात थांबला. पिपाणीच्या हातातली भाजी खाली पडली.

"कोण गं ही बाई?" वहिनी म्हणाली.

"अं?"

"कुणाची नक्कल केलीस? तुमच्या स्थानकावरची आहे का कुणी? अगं, केवढ्यानं बोलते! तो बिचारा आजारी आहे, त्याला श्वास तरी घेऊ दे!"

स्वतःचा आवाज माणसाला आतूनच ऐकू येतो. बाहेरून तो कसा लागतो याचा पत्ता नसतो. पिपाणीला हे ठाऊक होतं. साहेबांची नक्कल साहेबांसमोर केली तेव्हा साहेब खोकून म्हणाले होते, "छान करता हो, कोण आहे हा गृहस्थ, काय समजलात?" तरी वहिनी इतकी बहिरी असेल असं तिला वाटलं नव्हतं. खरं सांगावं, असं जिभेवर आलं. जीभ म्हणाली, "आहे अशीच एक. तू नाही ओळखत."

तेवढ्यात आतून विचित्र आवाज आला. घुसमटल्यासारखा. दोघी धावल्या. दादा उताणा पडला होता, उशीचं टोक तोंडात धरलेलं, डोळ्यांतून पाणी.

"अहो! काय झालं? घशात काय अडकलं?"

दादानं वहिनीकडे पाहिलं, मग तिच्या मागे उभ्या पिपाणीकडे पाहिलं, आणि उशी आणखी आत कोंबली. तो हसत होता. गंजलेली कडी उघडावी तसं, कुरकुरत, पण हसत होता.

मग रोज संध्याकाळी निळं पुस्तक वाजू लागलं. दोन-चार दिवसांत फोन मागच्या खोलीतून स्वयंपाकघरात आला, आणि फोनमागोमाग दादाही आला. ऐकायला वहिनी सगळ्यांत पुढे. पुस्तकातल्या बायकोवर तिनं दातच धरला होता. "ऐका, ऐका, आता पुन्हा ओरडणार! अगं बाई, जरा त्याच्याशेजारी नुसती बस की! तोंडाला विश्रांती दे!" लेखकानं पुढच्या प्रकरणात नेमकं हेच सांगितलेलं निघालं, तेव्हा वहिनी छाती फुगवून म्हणाली, "बघा! मला न वाचता कळलं!" दादा चहाच्या कपात तोंड लपवायचा. पिपाणीलाही हसू यायचं, पण तेवढ्यापुरतंच. हे सगळं एका थापेवर उभं होतं, आणि थाप वाकली की दादा पुन्हा भिंतीकडे वळेल, ही भीती तिला बसमध्ये, केबिनमध्ये, कुठेही गाठायची. एकदा तर तिनं फलाट चारवरची गाडी सहावर लावली.

थाप वाकली नाही, मोडलीच. वहिनीला पुस्तक इतकं आवडलं की ती ते शाळेत घेऊन गेली. "ऐका तरी, आमच्या वन्संनी वाचलंय, त्यात एक भयंकर बाई आहे!" मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत फोन मोठ्यानं लावला. पहिल्याच वाक्याला चित्रकलेच्या सरांनी चहा नाकातून काढला. मुख्याध्यापिका एकदम खिडकीबाहेर बघू लागल्या. वहिनी म्हणाली, "काय झालं? सांगा ना, कशी वाटली?" कुणी सांगायची गरज पडली नाही. बाहेर व्हरांड्यातून पाचवीची पोरं दंगा करत चालली होती. फोनमधून पुस्तकातल्या बायकोचं "पाठ सरळ!" आलं, आणि दंगा बंद झाला. वहिनीनं दारातून डोकावून पाहिलं. पोरं एका ओळीत, उंचीप्रमाणे, हात बाजूला घेऊन उभी होती.

त्या दिवशी वहिनी घरी आली ती शिट्टी हातात घेऊन. बूट काढले. पाणी प्यायली. पिपाणी आणि दादा स्वयंपाकघरात बसले होते. वहिनी बसली नाही.

"वन्सं," ती म्हणाली. एरवी ती नणंदेला पिपाणीच म्हणायची. "मी अशी बोलते?"

ओरडली असती तर बरं झालं असतं. पिपाणीनं मान खाली घातली. "वहिनी, मी मुद्दाम नाही गं…"

"सगळ्या शाळेला कळलं. पोरांना कळलं. मला तेवढं कळलं नाही. आणि मी रोज इथे बसून त्या बाईला शिव्या घालतेय." तिनं दादाकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं."

आता हा उठेल आणि मागच्या खोलीत जाईल, पिपाणीला वाटलं. तो उठला. पण गेला नाही. टेबलाला धरून उभा राहिला.

"माहीत होतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. हसायला आलं म्हणून ऐकत राहिलो. आणि मग एक ऐकू आलं."

"काय?"

"तू सकाळी दार उघडतेस ना, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून असतो. मला फक्त 'उठा' ऐकू येतं. पण हिनं केलं त्यात, 'उठा'च्या आधी ती बाई थांबते. दर वेळी. श्वास धरून. आधी बघते, मग ओरडते." त्यानं पिपाणीकडे पाहिलं. "तू ते मुद्दाम केलंस?"

पिपाणीनं नाही म्हणून मान हलवली. वहिनीचा हेल, वहिनीची शिट्टी, वहिनीचा जोर, हे सगळं तिला ठाऊक होतं. तो थांबा तिच्या गळ्यात कधी शिरला, तिला पत्ताही नव्हता.

वहिनी खुर्चीवर बसली. "तुम्ही हललात की ओरडते," ती म्हणाली, एवढ्या हळू की पिपाणीला हा आवाज नवीनच होता. "नाही हललात तर काय करायचं, ते मला येत नाही."

कोपऱ्यात नळ गळत होता. दादानं खुर्ची ओढली आणि वहिनीच्या शेजारी बसला. बराच वेळ तसाच बसला. मग जरा आठवून, कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "ते सगळं ठीक आहे. पण तो नवरा कोण गं, पिपाणी?"

"कोण नवरा?"

"त्या पुस्तकातला. बायको मी लगेच ओळखली. पण तो कोण? बघू, नंतर, बघू, नंतर. भिजलेल्या पोत्यासारखा. त्या बाईची मला कीव येते, खरंच! असल्या माणसाबरोबर दिवस काढायचे म्हणजे… तुमच्या स्थानकावरचा आहे का कुणी?"

पिपाणीनं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं पिपाणीकडे पाहिलं. वहिनीचे ओठ आधी घट्ट मिटले, मग एका बाजूनं सुटले, आणि मग मैदानभर ऐकू जाईल असं हसू फुटलं. ती हसत हसत टेबलावर वाकली. शिट्टी कुठल्या कुठे उडाली.

"काय झालं?" दादा म्हणाला. "अगं, मला सांगा तरी!"

"मी ठीक आहेऽऽ," विहिरीच्या तळातून पिपाणी म्हणाली.

दादाचं तोंड उघडं राहिलं. "मी?"

"तंतोतंत तुम्ही!" वहिनी म्हणाली, आणि पुन्हा वाकली.

एवढ्यानं दादा बरा झाला, असं काही नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दुपारपर्यंत पडून होता, आणि त्याच्या पुढच्या दिवशीही. पण समुपदेशक बाईंकडे तिघं एकत्र गेली आणि सगळा प्रकार सांगितला. बाईंनी फार लांब "हंऽऽ" केलं, इतकं लांब की त्या हसू दाबतायत हे पिपाणीच्या कानानं ताबडतोब ओळखलं. मग म्हणाल्या, "म्हणजे शेवटी आपापलं वाचलंत."

काकांच्या वरिष्ठांनी मात्र ते ध्वनिमुद्रण नापास केलं. नियम तो नियम, पुस्तक पुन्हा सरळ वाचायचं. वहिनीनं हे ऐकलं आणि कमरेवर हात ठेवले. "सरळ कशाला? बायको मी वाचते. मीच माझी वाचीन, बघू या कशी होते!" काकांनी कपाळाला हात लावला. वरिष्ठांनी फार वाद घातला नाही. वहिनी प्रत्यक्ष भेटायला गेली होती. एवढंच ठरलं की उदाहरणं तीन वाचकांनी वाचायची, पण नाटक नाही.

गाद्यांच्या खोलीत तीन खुर्च्या मांडल्या. वहिनीनं पहिलं वाक्य वाचलं आणि काचेपलीकडे आवाज मोजणारे सगळे काटे लाल रेषेपार गेले.

"बाई," काका म्हणाले, "माइक तुमच्यासमोर आहे. मैदानापलीकडे नाही."

"बरं," वहिनी म्हणाली आणि माइकपासून खुर्ची मागे, मागे, अगदी भिंतीला लावली. तिथून आवाज नेमका बसला.

पिपाणीकडे मधला भाग होता, लेखकाचा. कुणाची नक्कल नाही, कुणाचा हेल नाही. उभ्या जन्मात तिनं इतकं अवघड काही वाचलं नव्हतं. प्रत्येक स्वल्पविरामाला गळ्यातली माणसं बाहेर यायला धडपडत होती.

आणि नवऱ्याची वाक्यं दादाची. तो हळू वाचत होता, बोट ओळीखाली ठेवून. ओळ सांडली की थांबायचा आणि पुन्हा सुरुवातीला जायचा. कुणी घाई केली नाही. वहिनीनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"पत्नीनं विचारलं," पिपाणीनं वाचलं.

"कसं वाटतंय?" वहिनीनं भिंतीपाशी बसून वाचलं.

दादानं ओळ शोधली. "बरं वाटत नाही," त्यानं वाचलं. "बरेच दिवस झाले. सांगायला जमत नव्हतं." इथे पूर्णविराम होता. दादाचं बोट थांबलं. पण तो थांबला नाही. "मलाही," तो म्हणाला. "म्हणजे मलाच. बरं वाटत नाही."

काचेपलीकडे काकांनी पुस्तकाच्या प्रतीवर बोट फिरवलं, पान उलटलं, परत मागे आणलं. मग कर्तव्य म्हणून बटण दाबून म्हणाले, "हे शेवटचं वाक्य पुस्तकात नाही. परत घ्यायचं का?"

पिपाणीच्या गळ्यातून या वेळी कुणाचाच आवाज निघेना.

वहिनी भिंतीपासून खुर्ची सरकवत पुढे आली, दादाच्या खुर्चीला खुर्ची लागेपर्यंत. "राहू द्या हो काका," ती म्हणाली. "छापायचं राहून गेलं असेल."